दिवेलागणीच्या आत

मागून स्कूटर आली, मागे बसलेल्या पोराने माझा पदर धरून हिसका दिला आणि मी सायकलीसकट कडेच्या मुरमात पडले. दोघं हसत पुढे निघून गेले.

त्र्याहत्तर सालचा डिसेंबर होता. कॉलेजच्या ग्रंथालयाकडून मुलींच्या वसतिगृहाकडे जाणारा तो रस्ता... दोन्ही बाजूंना बाभळी आणि दिवा एकही नाही. समोरून एक सायकलवाला आला, घाईने उतरला. उंच, चष्मेवाला, गळ्याला राखाडी मफलर. माझी सायकल उभी केली, विखुरलेल्या वह्या गोळा करू लागला.

"फार लागलं का?" त्याने विचारलं. आणि मग, "इतक्या उशिरा एकट्याच कशाला निघालात?"

कोपर सोलून निघालं होतं, पण झोंबला तो प्रश्न.

"तुम्ही काहून निघाले?" मी म्हटलं.

"मी... घरी चाललो होतो."

"मी बी घरीच चालली होती."

मफलरच्या टोकाने वहीवरची धूळ पुसून त्याने ती माझ्या हातात दिली. एरवी हसू आलं असतं, इतका ओशाळला होता बिचारा. पण त्या दिवशी मला हसायचं नव्हतं.

मी काटोलची, प्रेमिला. बाबांची, म्हणजे वामनरावांची, संत्र्याची बाग. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं, संदर्भाची पुस्तकं खोलीवर न्यायला मिळत नसत, त्यामुळे संध्याकाळी ग्रंथालयात बसल्यावाचून अभ्यास होत नव्हता. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी वसतिगृहाच्या रेक्टर सिंधूताईंकडे रीतसर तक्रार केली. त्यांनी ऐकून घेतलं, कोपराला हळद लावायला सांगितलं, आणि संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली – उद्यापासून सर्व मुलींनी दिवेलागणीच्या आत वसतिगृहात यावे.

ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडंच होतं. मुलांसाठी!

माझ्या खोलीतली चारुलता माझ्याशी बोलेना. शेवटी एकदाची फणकारली, "तुले तोंड उघडायची काय गरज होती वं? साऱ्या पोरींचं दार बंद करून ठेवलं." तिलाही मी काय सांगणार? पदर ओढणारी पोरं मोकळी फिरत होती आणि कोंडलं आम्हाला होतं. एवढी उघड गोष्ट कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हती, याचाच मला जास्त संताप येत होता. त्यात सिंधूताईंनी काटोलला बाबांनाही कळवलं होतं, जणू मीच काही करून बसले होते.

त्या आठवड्यातच एका दुपारी मी वाचत बसले असताना मफलरवाला टेबलापाशी येऊन उभा राहिला. नाव शरच्चंद्र. शहराच्या महाल भागात राहणारा, आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, ते चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं त्या स्कूटरवाल्यांना."

मी वर पाहिलं. तो चष्मा पुसत होता. चष्म्याविना त्याचे डोळे अगदी निराधार दिसत होते... मी घाईने पुस्तकाकडे पाहिलं. तो तसाच उभा राहून सांगत होता की वसतिगृहाने परवानगी दिली तर रोज संध्याकाळी तो सोबत येईल, हवं तर चार हात मागे राहील.

"आन् तुमाले ताप आला तर? मी खोलीत बसू?"

"मग... मी ताप येऊच देणार नाही."

हसू ओठांपर्यंत आलं होतं. मी ते तिथेच थांबवलं. "मले सोबत नको," मी म्हटलं. "मले रस्ता पाहिजे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं, की स्कूटर त्याच्यासमोरूनच गेली होती आणि पदर ओढणारा पोरगा त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याच प्रयोगशाळेत शिकणारा, आणि कॉलेजच्या नियामक मंडळातल्या एका बड्या सभासदाचा पुतण्या.

मी म्हटलं, मग सांगा ना तसं. नोकरी हंगामी आहे, एवढंच तो म्हणाला. त्याची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हे तेच मंडळ ठरवणार होतं. मी वह्या आवरल्या आणि उठले. त्याच्यावर चिडले होते... आणि जिन्यावरून मागे वळून पाहिलं, म्हणून स्वतःवरही.

बाबा काटोलहून आले. वाटेत एवढंच म्हणाले, "चाल वं घरी. खूप शिकली." उपप्राचार्य आनंदरावांनी तक्रारीच्या चौकशीसाठी आम्हा दोघांना समोर बसवून घेतलं. पोराचं नाव काय, पुरावा काय, हे विचारून झाल्यावर टेबलावर पेन आपटत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी अंगावर काय होतं? साडी की पंजाबी ड्रेस?"

"साडी," मी म्हटलं. "आन् नसती, तर त्यानं ओढलेलं चाललं असतं का?"

आनंदराव बाबांकडे वळून म्हणाले, पाहा, ही अशी उलट बोलते. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ती त्यांनी पुन्हा डोक्यावर चढवली.

"मी तिले न्यायले आलो होतो, साहेब," ते सावकाश म्हणाले. "आता नेत नाही. माही पोरगी इथंच शिकन."

मला रडू आवरेना. तेवढ्यात दारात शरच्चंद्र दिसला. घाम पुसत आत आला. न बोलावता आलो, माफ करा, म्हणाला. आणि त्या पोराचं पूर्ण नाव घेऊन, मी डोळ्यांनी पाहिलं, लेखी देतो, असं त्याने सांगितलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कान तेवढे लाल झाले होते.

पोराला त्या वर्षापुरतं काढलं. सूचना मात्र फळ्यावरून हलेना. मग एका संध्याकाळी आम्ही ग्रंथालयात असताना दिवेलागण झाली, शिपाई मुलींना उठवायला आला, आणि चारुलताने पुस्तकाचं पान उलटून त्याला सांगितलं की वाचून झाल्यावर उठू. एकही मुलगी उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिंधूताई स्वतः आल्या, रागावल्या, आणि शेवटी आमच्यातच खुर्ची ओढून बसल्या. त्यानंतर ती सूचना फळ्यावरून उतरली, बाभळींच्या रस्त्यावर दिवे लागले, आणि मुलींच्या तक्रारी त्यांच्या घरी न कळवता ऐकून घ्यायला एका प्राध्यापिकेची नेमणूक झाली.

फक्त शरच्चंद्र दिसेना. प्रयोगशाळेत चौकशी केली, तर कळलं की त्याची नोकरी मंडळाने पुढे चालू ठेवली नाही. शहराबाहेर वाडी नावाच्या वस्तीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकुनी करत होता.

मी भर दुपारी बसने वाडीला गेले. पोती, डिझेलचा वास, रांगेने उभे ट्रक. तो पावत्या फाडत बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसायला लागला.

"सांगितलं काहून नाही?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"तुम्ही उपकार मानले असते. ते मला नको होतं."

"उपकार? मले राग आला आहे."

"कोणाचा?"

"त्या मंडळाचा. खरं बोलणाऱ्याले घरी बसवते! तुमचाबी. आन् माहावाला बी... रोज दुपारी त्या जिन्याकडे पाहत बसते म्हणून."

तो हळूच म्हणाला, "जिन्याकडे कशाला?"

"तुम्ही दिसाल म्हणून. तुम्ही आवडता मले. झालं?"

दोन हमाल पोती खांद्यावर घेऊन तसेच थांबले होते. शरच्चंद्राने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"प्रेमिला," पहिल्यांदाच त्याने माझं नाव घेतलं. "इतक्या रागाने कोणी सांगतं का हे?"

"मी सांगते."

"मला रागावून नाही जमणार..." आणि खाली मान घालून तो पुढे काहीतरी बोलला. नेमका तेव्हाच फाटकात ट्रकचा भोंगा वाजला आणि मला एक शब्द ऐकू आला नाही.

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. मोठ्याने.