रहाटाची दुसरी खेप

दार ओढून घ्या आणि इकडे चुलीजवळ बसा. कंदिलाची वात तेवढी खाली करा, माझ्या डोळ्यांना लागते.

डिसेंबरात आमच्याकडे दुपारीच काळोख पडतो, त्यामुळे आकाशातले ध्रुवाकडचे रंगीत उजेड दाखवायला पाहुण्यांची झोप मोडावी लागत नाही. कॅनडाच्या उत्तरेतल्या आमच्या डॉसन गावाहून व्हॅन काढायची, नाल्याकाठच्या माझ्या आजोबांच्या सोन्याच्या खाणीवर यायचं, मूस नावाच्या थोराड सांबराच्या मटणाचा रस्सा वाढायचा आणि उजेड दिसेपर्यंत सोन्याच्या दिवसांच्या गोष्टी सांगायच्या, हा माझा आणि माझ्या बायकोचा, बेरिलचा, धंदा होता. आकाश रुसलं तरी गोष्टी रुसत नाहीत.

त्या दिवशी पाहुणे दोनच होते. मिस्टर ऑगडन नावाचे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची धाकटी बहीण विनी.

खाण म्हणजे एक खोल विहीर. पाण्याची नव्हे. खाली गोठलेल्या जमिनीवर शेकोटी पेटवायची, माती वितळली की पोहऱ्यात भरायची आणि वरच्यानं रहाट फिरवून ओढून घ्यायची. एक जण खाली, एक वर. दोरीला एक हिसका म्हणजे ओढ. खालचा माणूस वर आला की त्यानं रहाटाच्या मुठीवर हात ठेवून ‘विहीर रिकामी’ म्हणायचं, आणि तोवर वरच्यानं काही झालं तरी मूठ सोडायची नाही, हा आजोबांच्या वेळेपासूनचा नियम. विहिरीच्या काठावर उभा राहून मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं.

“एवढा कडक नियम कशाला?” विनीनं विचारलं.

मग टोबायसची गोष्ट आली. टोबायस खाली होता. वर त्याचा साथीदार. आकाशात तांबडा उजेड उठला म्हणून साथीदार बघायला टेकाडावर गेला, टेकाडावरून गावात आणि गावातून गुत्त्यात. नशा उतरली तेव्हा फार उशीर झाला होता.

“बिचारा अजून हिसके देत असेल,” मी नेहमीची पुस्ती जोडली. “त्याच्यासाठी पाव नेऊ का?”

विनी हसली. ऑगडन हसले नाहीत. “मेलेल्याची थट्टा करू नये, लेफ.”

“मेलेला कुठं तक्रार करतोय?” मी म्हणालो. बेरिलनं रहाटाची मूठ धरली आणि मी पोहऱ्यात पाय टाकला.

खाली वारा नसतो. ओल्या मातीचा आणि दुपारच्या विझलेल्या शेकोटीचा वास तेवढा असतो. मी पोहऱ्यातून उतरलो, बॅटरी फिरवून भिंतीतली वाळू दाखवली, थोडी माहिती ओरडून सांगितली. तेवढ्यात वर विनीचा आवाज आला, “अगंबाई, तांबडं झालंय सगळं…”

“बेरिल, मूठ सोडू नकोस हं,” मी खालून म्हणालो.

“मी कुठं जातेय? तू आपलं काम कर.”

बॅटरी मंद झाली आणि विझली. थंडीत असं होतं. पण मग ओल्या लोकरीचा, बरेच दिवस अंगावर असलेल्या कपड्यांचा वास आला, अगदी माझ्या खांद्याशी. दोरीला हिसका बसला. मी दिला नव्हता.

मी हात पुढे केला. पोहरा माझ्या बोटांना घासून वर निघाला होता, भरलेला. माझ्या वजनानं रहाट जसा कुरकुरतो तसाच कुरकुरत होता. ओरडायला गेलो, तर दातखीळ बसलेली.

“आलास?” वरून बेरिलचा आवाज आला. “केवढी काजळी माखून घेतलीयेस तोंडाला.”

पोहरा रिकामा होऊन काठावर आपटला.

“अरे, ‘विहीर रिकामी’ म्हण की.”

बर्फावर पावलं वाजली. व्हॅनचं दार उघडलं, मिटलं. थोड्या वेळानं ऑगडन आले असावेत. “चला बाई, थंडी वाढतेय. तुमचे मिस्टर केव्हाचे गाडीत येऊन बसलेत.”

“तो म्हणाला नाही अजून.”

“विसरले असतील.”

“तो विसरत नाही…”

खरं सांगतो, मला रडू आलं. ती दोन पावलं मागं सरली असती तर मी संपलो होतो, आणि माझी दातखीळ काही सुटत नव्हती. मग रहाट पुन्हा कुरकुरला. ती रिकामा पोहरा खाली सोडत होती. कुणासाठी, ते तिलाही ठाऊक नसावं.

मी पोहऱ्यात पाय रोवला आणि हिसका दिला. वर काहीच हललं नाही. नवरा डोळ्यांदेखत गाडीकडे गेलेला, आणि खालून कुणीतरी दोरी ओढतंय. तिच्या जागी मी असतो तर पळालो असतो. पण रहाट फिरला.

वर आलो तेव्हा बर्फही तांबडा दिसत होता. मी मुठीवर हात ठेवून ‘विहीर रिकामी’ हे दोन शब्द कसेबसे उच्चारले. बेरिलनं माझा हात घट्ट धरला. “मग गाडीत कोण आहे?” ती कुजबुजली.

गाडीत एकटी विनी होती. “आत्ताच तर उतरलात,” ती माझ्याकडे बघत राहिली. “घराला कुलूप असतं का, म्हणून विचारत होतात. मी म्हटलं, घर तुमचं, मला काय ठाऊक? मग म्हणालात, भूक लागलीय, पुढं होतो…”

पाहुण्यांना हॉटेलवर सोडून आम्ही गावाच्या टोकाला घरी आलो. आमच्याकडे घराला कुलूप लावत नाहीत, थंडीत अडकलेला कुणीही आत यावा म्हणून. आम्ही निघताना विझवलेली चूल पेटलेली होती. कढईतला रस्सा अर्धा संपला होता. चुलीपुढे बूट वाळत ठेवले होते, आणि डाव्या बुटाला बेरिलनं शिवलेलं चामड्याचं ठिगळ होतं. मी माझ्या पायांकडे पाहिलं. तेच बूट, तेच ठिगळ.

“बेरिल, अगं, मी आहे.”

“ते दोन शब्द तू विहिरीच्या काठावर मोठ्यानं सांगितलेस,” ती हळूच म्हणाली. “खाली जो होता, त्यानंही ऐकले असतील…”

झोपायच्या खोलीत कुणीतरी कूस बदलली. पलंग वाजला. बेरिलनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे. आणि ती दाराकडे गेली, आत शिरली आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी इथं, नाल्यापलीकडच्या या खोपटात राहतो. हिवाळ्यात व्हॅन येते. बेरिल मूठ धरते, माझ्याच रूपातला तो खाली उतरतो आणि माझ्यापेक्षा रंगवून गोष्ट सांगतो. वर आला की न चुकता ते दोन शब्दही म्हणतो. मग तो पाहुण्यांना घेऊन गाडीकडे जातो, आणि बेरिल एकटी मागं राहून रिकामा पोहरा पुन्हा खाली सोडते.

मी या खिडकीतून बघत असतो. दर वेळी खालून दोरीला हिसका बसतो. ती ओढत नाही.