रडूबाईची काठी

आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ भांडण. महिन्यापूर्वी घेतलेलं झाड हातगाडीवर घालून मी नर्सरीच्या फाटकात उभी, आणि समोर मातीने हात बरबटलेला एक उंच, शांत माणूस.

"मरतं झाड माझ्या गळ्यात मारलंत तुम्ही!" मी म्हणाले. "बघा, कशी मान टाकलीय! घरातल्या शिवणाच्या दुकानापुढे शोभा म्हणून नेलं, तर गिऱ्हाईकं विचारतात, कोण आजारी आहे?"

तो आधी झाडाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आणि हसला. हसला हो!

"अहो, हा लोंबत्या फांद्यांचा देवदार आहे. याची जातच रडकी. बारा महिने हिरवा आणि बारा महिने मान खाली."

"म्हणजे... हा बरा आहे?"

"होता." त्याने कुंडीच्या मातीत बोट खुपसलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं. "पाणी किती घालता?"

"सकाळ-संध्याकाळ बादलीभर... ताठ उभा राहावा म्हणून."

त्याने झाड अलगद आडवं करून कुंडीबाहेर काढलं. अर्धी मुळं काळी पडली होती. मग हळूच म्हणाला, "माझ्या वडिलांनी लावलेलं झाड मागच्या वर्षी वादळात पडलं. त्याची तीन कलमं केली, दोन गेली. हे तिसरं. मी बाहेरगावी होतो, तेव्हा ताईने कोपऱ्यातलं वाकडं रोप समजून विकून टाकलं."

माझं तोंड एवढंसं झालं. भांडायला आलेल्या मला आता जमीन दुभंगेल तर बरं असं वाटायला लागलं.

"ठेवून घ्या मग. माझ्या हाताला यश नाही," मी म्हणाले.

"ही जागा भाड्याची आहे, टेलरबाई. झाडाला कायमची जमीन हवी. तुमच्याकडे ऊन आहे ना? मग तुमच्याकडेच वाचू दे. पण... मी दर रविवारी बघायला येणार."

"या की. मी काय दार लावून बसणार आहे?"

रविवारी तो वाळू आणि खडी घेऊन आला. खराब मुळं कापली, अंगणात मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावलं, म्हणजे पाणी साचायला नको. बाजूला बांबूची काठी रोवली. "झाडाचा शेंडा धरून वर न्यावा लागतो, नाहीतर ते जमिनीवरच लोळणार. खोडाने जोर धरेपर्यंत काठी हवी. कापडाची चिंधी आहे?"

"शिंप्याच्या घरी चिंधी मागताय!"

"सैल बांधायची. आठच्या आकड्यासारखी. तेवढं करा, मी हात धुऊन येतो."

मी मन लावून बांधलं. तो आला, बघितलं, आणि पोट धरून हसायला लागला. "हे काय?"

"आठ! तुम्हीच म्हणालात ना!"

"अहो, मराठी आठ नव्हे... इंग्रजी आठ! एका वेढ्यात खोड, दुसऱ्यात काठी. मधे पीळ द्यायचा. म्हणजे दोघं एकमेकांना घासत नाहीत, आणि सुटतही नाहीत."

हे सांगताना त्याचा हात माझ्या हाताला लागला. दोघांनीही तो लगेच काढला नाही. पुढे किती तरी दिवस हिशेबाच्या वहीत आठ लिहिताना मला उगाच हसू यायचं.

झाडाचं नाव मी ठेवलं रडूबाई. दर रविवारी मी माझ्या टेपने तिची उंची घ्यायचे, तो चिंधी सोडून नव्याने बांधायचा, आणि माझी आई आत चहा टाकायची. तिची सुयांसारखी पानं पिवळी पडून गळत होती. "सुयांवरच माझं पोट आहे, आणि माझ्याच हातून या गळाव्यात!" मी म्हणायचे. तो म्हणायचा, "थोडा धीर धरा. पाणी मात्र धरू नका."

थंडी सरली आणि एका सकाळी टोकाला फिकट हिरवा कोंब! दोन दिवसांत तो खाली वाकला. धावत नर्सरी गाठली. "वाकला हो!"

"टेलरबाई," तो हसत म्हणाला, पण डोळे भरले होते, "वाकला म्हणजे जगला."

हायसं वाटलं... आणि घरी येताना तितकंच वाईटही. झाड जगलं. आता हा कशाला येईल? वडिलांच्या झाडासाठी येत होता, माझ्यासाठी थोडाच!

पण तो येत राहिला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दर रविवारी चिंधी सोडायची, पुन्हा बांधायची.

मग एक दिवस त्याची ताई ड्रेसची उंची कमी करून घ्यायला आली. अंगणात थबकली. "अगं बाई, अजून काठी? खोडाने तर केव्हाच जोर धरलाय! चार महिन्यांपूर्वीच काढायला हवी होती. माझ्या भावाला कळत नाही होय?"

माझ्या हातातली कात्री खालीच पडली.

पुढच्या रविवारी तो आला आणि जागच्या जागी थांबला. रडूबाई एकटीच उभी होती, फांद्या मोकळ्या सोडून, कुणाच्याही आधाराशिवाय.

"काठी...?"

"काढली. ताई म्हणाल्या, चार महिने उशीर झालाय."

त्याचे कान लालबुंद. "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग का बांधत होता?"

"काठी काढली असती तर..." तो झाडाशीच बोलल्यासारखा म्हणाला, "यायला कारण काय उरलं असतं?"

इतक्या महिन्यांचं ओझं एका क्षणात उतरलं, आणि मला चक्क रडू फुटलं.

"अरे देवा! आता दोन-दोन रडूबाया!"

"गप रे!" म्हटलं, आणि जीभ चावली. अहो-जाहो कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

ते 'रे' ऐकून तो एक पाऊल पुढे आला. "मग... पुढच्या रविवारी कारण काय सांगू?"

"घरच्या माणसाला कुणी कारण विचारतं का?"

खिडकीतून आईचा आवाज आला, "ठरलं असेल तर आत या दोघं. तिसऱ्यांदा चहा गरम करतेय मी!"