पहिली फेरी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आत तो एकटाच होता. त्याने दार ओढायला घेतलं, तोच वरून आवाज आला, "दाराला हात लावू नका."

"मेकॅनिक कधी येणार?"

"आलीय."

तो गडबडला. "म्हणजे... तुम्ही?"

"का? सर्टिफिकेट खाली सोडू?"

त्याने घाबरू नये म्हणून ती काम करता करता बोलत राहिली. तो कॉलेजात शिकवत होता. तिने कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं होतं. तिथे मोटर फक्त फळ्यावर फिरायची, म्हणून ती एका म्हाताऱ्या उस्तादाकडे चार वर्षं राबली. दार उघडलं. तिच्या गालावर ग्रीसचा डाग होता, आणि त्याला उतरायचं सुचेना.

मग लिफ्टच्या तक्रारी वाढल्या. कधी आवाज येतो, कधी हिसका बसतो. चौथ्या खेपेला ती हसून म्हणाली, "सर, बिघाड लिफ्टमध्ये नाहीये."

दोघांनी लग्न करायचं ठरवलं. घरी मात्र गाडं अडलं. त्याची आई निवृत्त मुख्याध्यापिका, मुक्काम पाचवा मजला, गुडघे कामातून गेलेले. त्यांनी आधी मुलीची डिग्री, मग लग्न असं बजावलं. त्याने मान खाली घालून तो निरोप पोचवला. ती म्हणाली, शिकावंसं वाटलं तर शिकेन, पण सून होण्यासाठी परीक्षा देणार नाही. पुढे महिनाभर तिचा फोन नाही.

मग लिफ्टचे दोर बदलायला निघाले आणि कामावर तीच आली. तीन दिवस आई दारात खुर्ची टाकून तिचं काम बघत होत्या. काम संपल्यावर काठी टेकत त्या पुढे आल्या, तर तिने हात आडवा धरला.

"थांबा, बाई. पहिली फेरी दुरुस्त करणाराच मारतो. चुकलं असेल तर आपल्याच जिवावर बेतावं, असं उस्ताद सांगायचे."

ती एकटीच खाली गेली. आई आणि तो, दोघंही लिफ्टचा आकडा बघत राहिले. चार... तीन... दोन... एक... मग पुन्हा वर. दार उघडलं.

"मी जन्मभर परीक्षा घेतल्या," आई हळूच म्हणाल्या, "पण अशी एकही नाही." मग विचारलं, "दुसरी फेरी कोणाची असते?"

ती आठवू लागली. असा नियम उस्तादाने सांगितलाच नव्हता.

"घरच्यांची," तो म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला. "तू हो म्हणालीस तर..."

तिने मान खाली घातली, पण दार काही लावलं नाही.

आईंनी काठी त्याच्या हातात दिली, आत पाऊल टाकलं आणि तोल सावरायला तिचा ग्रीसने माखलेला हात धरला.