सालभराची हमी

काकड आरती करून घरी येत होते, तर आमच्या दारापुढं एक माणूस जमिनीला कान लावून पालथा पडलेला!

माझ्या हातात प्रसादाची वाटी. कार्तिकातली सकाळ. पवनीच्या आमच्या विणकर गल्लीत वैनगंगेवरून आलेलं धुकं अजून रेंगाळत होतं. आधी वाटलं, चक्कर आली असेल बिचाऱ्याला. जवळ गेले तर डोळे टक्क उघडे! हातात लाकडाचा एक ठोकळा, आणि तो त्यानं जमिनीवर हळूच ठोकत होता... ठक... ठक... कीर्तनाआधी मृदंग लावताना कान देऊन थाप मारतात ना, अगदी तसं.

"काय ऐकून राहिले जी?" मी विचारलं.

"शूऽऽ..." तो म्हणाला.

माझ्याच दारात मलाच गप्प करतो! पण खरं सांगू? राग आला नाही. उलट त्या जमिनीत असं काय वाजतंय, ते आपणही ऐकावं, असं वाटलं.

तो उठून बसला. पंचविशीतला, सावळा, कानाच्या पाळीला माती लागलेली. "सापडलं," म्हणाला. "शेजारच्या सुलोचनाबाईची मोरी तुंबली म्हणून त्यायनं मले बोलावलं. पण अटकलं आहे इथं, तुमच्या दारात. दोन्ही घरचे पाइप इथं एक होतात."

"पण आमची मोरी तर मस्त वाहून राहिली!"

"त्यायचं घर खोलगट आहे, म्हणून पाणी आधी तिकडं चढलं. चार दिसांनी तुमच्याकडे येईन... न बोलावता."

हे शेवटचं तो माझ्याकडे बघून म्हणाला आणि मग एकदम सायकलकडे बघू लागला. सायकलच्या नळीला पत्र्याची पाटी बांधली होती. वर रंगानं लिहिलेलं — ‘तुंबलेले पाइप व मोऱ्या मोकळ्या करून मिळतील. एक सालाची हमी. जागेश्वर, मु. एकोडी.’ मागं बांबूच्या लांबच लांब कामट्या, स्प्रिंगच्या तारेचं वेटोळं, एक रबरी पंप. असा सरंजाम मी जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. माझे वडील, भैय्यालाल. हातमागावर त्यांच्यासारखा कोशाच्या रेशमाचा शेला विणणारा आमच्या गल्लीत दुसरा नाही, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक. "कर बाप्पा काय करायचं ते," एवढंच बोलून ते परत मागावर जाऊन बसले.

मी मात्र दारातून हलले नाही. जागेश्वरनं दारातली फरशी उचलली, कामटीला कामटी जोडली, टोकाला पीळ दिलेली तार बांधली आणि पाइपात सारत गेला. मध्येच थांबे, कामटी कानाला लावे.

"आता काय म्हणते पाइप?" मी विचारलं.

"म्हणते, थोडं डावीकडून ये."

"अन् तुमाले समजते ते?"

"बोलणाऱ्याचं ऐकलं तर सारंच समजते जी."

मग त्यानं तार गरगर फिरवली, एक झटका दिला... आणि जमिनीच्या पोटातून असा काही आवाज आला! गडऽऽ गड गड... पाणी धावत सुटलं. बाहेर आला तो हातभर लांब, पिवळट, चिवट असा एक दोर. त्यानं तो रद्दी कागदावर नीट ठेवला, एखादी दुर्मिळ वस्तू असावी तसा.

"ओळखता काय?"

मी वाकून पाहिलं. ओळखलं, आणि लाजही वाटली. आमचीच खळ! ताण्याच्या उभ्या धाग्यांना घट्टपणा यावा म्हणून आम्ही तांदळाची पेज दाट शिजवून लावतो, ती. उरलेली खळ माय रोज मोरीत ओतायची, आणि तुटलेल्या सुताचे धागे तिच्यासोबत जायचे.

"खळ चांगली शिजवता तुम्ही," तो गंभीरपणे म्हणाला. "पाइपात सुद्धा सूत कसं पक्कं धरून बसली होती!"

मला हसू फुटलं. आतून मायनं हाक मारली, "चंद्रकला, चहा दे त्याले!" आणि पुढं केला तो कान तुटलेला कप. बाहेरच्या कामकऱ्यांसाठी ठेवलेला. मी तो घेतला, दिलाही. त्यानं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि चहा प्याला. मला त्या दिवसभर तो तुटका कान टोचत राहिला.

जाताना त्यानं मायला बजावलं, खळ मोरीत ओतायची नाही, जांबाच्या झाडाला घालायची. मोरीवर बारीक जाळी बसवून दिली. "आता सालभर काही होत नाही. झालंच तर फुकट येईन."

आणि झालंच नाही ना काही! मोरी अशी खळखळ वाहायची की बस. मी रोज सकाळी पाणी टाकून बघायची. रोज नीट. काम असं चोख करणाऱ्या माणसाला पुन्हा बोलवायचं तरी कसं?

देवानं बोलावलं. पुढच्या एकादशीला विठ्ठलाच्या देवळात कीर्तन होतं. झांजा वाजवणाऱ्यांत मागच्या ओळीत जागेश्वर! अंघोळ करून, पांढरा सदरा घालून. डोळे मिटून वाजवत होता. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घ्यायला रांग लागली, आणि रांगेत तो माझ्या मागं उभा.

"मोरी काय म्हणते?" त्यानं हळूच विचारलं.

"काही म्हणत नाही. तुम्ही तिले मुकी करून टाकली." मग मी कितीतरी दिवस मनात असलेलं विचारलं, "मोरीतलं पाणी जाते कोठी जी?"

तो चकित झाला. "आजवर कोणीच नाही विचारलं मले हे. लोक म्हणतात, गेलं ना, बस झालं... नालीत जाते. नालीतून वैनगंगेत. मग गोदावरीत, मग समुद्रात."

"म्हणजे आमच्या घरची खळ समुद्रात?"

"नाही. तुमच्या घरची खळ पाइपातच मुक्काम करते!"

मी हसले, तशा पुढच्या बायका वळून बघू लागल्या. त्यानं आवाज खाली आणला. "आजा माहा मागावर बसत होता. तुमच्यासारखेच आमी. मग माग गेला, बाप धानाच्या शेतीत गेला, अन् मी... पाइपात. घरी लग्नाचं पाहून राहिले, पण पोरीवाले पाटी वाचतात अन् सायकलपासूनच परत जातात."

"पाटी तर चांगली आहे," मी म्हणाले. "अक्षर बी सुरेख आहे."

एवढंच बोललो. पण त्या दिवसापासून दर एकादशीला मी कीर्तनाला जरा लवकरच जाऊ लागले... आणि तो रांगेत बरोबर माझ्याच मागं येऊ लागला. देवासमोर खोटं कशाला बोलू?

माघ उजाडला. आमच्या घरी दरसाल माघात कीर्तन आणि महाप्रसाद असतो, आजोबांपासूनची रीत. त्याच्या चार दिवस आधी बाबा जेवताना मायला म्हणाले, "उमरेडचं स्थळ चांगलं आहे. पोरगा गिरणीत कारकून. कीर्तन झालं की दुसऱ्या दिशी शब्द देऊन टाकतो."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मायनं चाचपून पाहावं तसं म्हटलं, "सुलोचनाबाई म्हणत होती, तो एकोडीचा जागेश्वर..."

"मोरीतला?" बाबांनी ताट बाजूला सारलं. "आपल्यातलाच आहे, मालूम आहे मले. आजा मागावर बसे म्हणे. अन् हा मोरीत हात घालते! माह्या घरचं रेशीम तिथं जाईन काय?"

विषय संपला. एकादशी तर केव्हाच होऊन गेली होती, पुढची यायच्या आत शब्द जाणार. जागेश्वरला कळवायचं तरी कसं? आणि कळवून काय सांगायचं? तेही ठरलं नव्हतं. फक्त तो एकदा यायला हवा होता.

मग मी ते केलं.

कीर्तनाच्या आदल्या दुपारी माय झोपलेली. जांभळ्या रंगाच्या रेशमी लडीचं उरलंसुरलं सूत मी गोळा केलं. नुसते धागे वाहून जातील म्हणून एकाला एक गाठी मारून चेंडू केला, दाट खळीत बुडवला, जाळी उचलली आणि... दिला सोडून. वाटलं, सांजेपर्यंत मोरी जरा हळू वाहील, माय म्हणेल बोलवा त्याला. बस, एवढंच!

सांज झाली. मोरी वाहतेच आहे! मी दिवा लावताना पांडुरंगाला म्हटलं, तुझ्या मनात नाही तर राहू दे बाबा.

पण विणकराची लेक असून मी एक गोष्ट विसरले होते. माघाच्या थंडीत खळ रात्रभरात दगड होते.

सकाळी महाप्रसादाची मोठी गंजं धुवायला बायका बसल्या, आणि मोरीनं सगळं पाणी परत केलं. न्हाणीतून अंगणात, अंगणातून तुळशीपर्यंत! भाताचं धुवण, भोपळ्याच्या साली, सगळं तरंगतंय. तिसऱ्या प्रहरी बुवा येणार, शंभर माणसं जेवणार. बाबा डोक्याला हात लावून पायरीवर बसले. "आजोबापासून कधी कीर्तन चुकलं नाही या घरचं... आज लोक नाक धरून जातीन."

मला रडू कोसळलं. हे काय करून बसले मी! माझ्या एका भेटीसाठी देवाचंच अंगण बुडवलं?

सुलोचनाबाईंनी निरोप पाठवला होता. अर्ध्या तासात सायकलची घंटी वाजली.

जागेश्वरनं माझ्या रडक्या तोंडाकडे एकदा पाहिलं. चड्डी-बनियनवर त्या घाण पाण्यात गुडघे टेकून बसला. कामट्या गेल्या, तार गेली. हटेना. मग उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा ओतला, थांबला, पुन्हा कान लावला. सगळं अंगण श्वास धरून उभं. शेवटी त्यानं दंडापर्यंत हात आत घातला आणि...

गडऽऽ गड गड गड!

तुळशीपासचं पाणी मागं सरकत गेलं. बायकांनी "विठ्ठल विठ्ठल" केलं. जागेश्वर उठला. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. त्यानं मूठ किंचित उघडून पाहिलं, आणि थबकला. जांभळा चेंडू. गाठीवर गाठी. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं... मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं! त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि मूठ घट्ट मिटली.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

"खळ, बाबूजी. थंडीनं आखडली होती."

"दाखव."

"घाण आहे जी. तुम्ही कायले हात लावता..."

"दाखव म्हटलं ना."

मूठ उघडली. बाबांनी चेंडू उचलला, पाण्यात खळबळला, उजेडात धरला. तो जांभळा रंग त्यांनी स्वतः दिला होता, गल्लीत तसा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. आणि गाठ? विणकराची गाठ मला सहाव्या वर्षी त्यांनीच शिकवली. मी डावखुरी. माझी गाठ उलटी बसते, त्यावरून त्यांनी मला किती टपल्या मारल्या असतील!

त्यांनी गाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग जागेश्वरकडे. तो गळ्यापर्यंत चिखलात माखून खाली मान घालून उभा होता, आणि अजूनही म्हणत होता, "खळच आहे जी ते..."

बाबांनी चेंडू खिशात टाकला आणि मंडप झाडायला गेले.

कीर्तन उभं राहिलं. बुवांनी त्या दिवशी धर्मराजाच्या यज्ञाचं आख्यान लावलं. सगळ्यांनी मानाची कामं वाटून घेतली, आणि द्वारकेच्या राण्यानं काय मागितलं? उष्ट्या पत्रावळी! पितांबर खोचून देव उष्टी काढतो, आणि त्याच्या हातांना खरकट्याचा नव्हे, तुळशीचा वास येतो... हे आख्यान मी दहादा ऐकलंय. दरवेळी बाबा या जागी डोळे पुसतात. त्या दिवशी त्यांनी डोळे पुसले नाहीत. ते मंडपाबाहेर बघत होते. तिथं पायरीवर, ओल्या केसांनी, जागेश्वर हळूहळू टाळी वाजवत बसला होता.

पंगत बसली. मी वाढायला उभी. बाबांचा आवाज आला, "ए जागेश्वर! तिथं काहून बसला? आत ये."

"राहू द्या बाबूजी. सकाळचं काम... लोक जेवून राहिले."

"लोकायचं जेवण तुह्यामुळंच होऊन राहिलं. ये." आणि बाबांनी आपल्या शेजारचा पाट स्वतः सरकवला.

तो बसला. दोन घास झाल्यावर बाबांनी समोर बघतच विचारलं, "हमी किती दिसाची दिली होती तू?"

"सालभराची जी. कार्तिकापर्यंत."

"अन् कार्तिकापर्यंत पुन्हा तुंबली तर?"

"फुकट येईन."

"तू फुकट येशीन रे बाप्पा, माहं रेशीम फुकट येते काय?" बाबांनी खिशातून तो चेंडू काढून त्याच्या पत्रावळीशेजारी ठेवला. "एकोडीले जाऊन तुह्या माय-बापाले घेऊन ये. हे पोट्टी ऐकणार नाही. लडीच्या लडी मोरीत जातीन माह्या!"

पंगतीतल्या कोणालाच काही कळलं नाही. मायला कळलं. ती आत गेली, आणि जेवणानंतर जागेश्वरला पाणी आलं ते पाहुण्यांच्या पितळी गडव्यातून. कान तुटलेला कप मी त्या घरात पुन्हा पाहिला नाही.

सगळे पांगले. अंगण वाळत आलं होतं. मी दारात गेले, त्या फरशीजवळ गुडघे टेकले आणि जमिनीला कान लावला. खूप दिवसांची इच्छा होती. आत खोल, कुठंतरी, पाणी चाललं होतं... नालीकडे, वैनगंगेकडे, समुद्राकडे.

शेजारी सायकल येऊन थांबली.

"काय ऐकून राहिल्या जी?"

"शूऽऽ..." मी म्हणाले.

तोही कान लावून माझ्यासमोर पालथा पडला.