न घातलेला टाका

गव्हर्नर वेलबींना जहाज सोडून नऊ वर्षं झाली होती, तरी बंगल्याचा जिना ते पायऱ्यांकडे तोंड करूनच उतरत, जहाजावरची शिडी उतरावी तसे. सेंट ब्रायाक बेटावरच्या मडमा पंख्याआड हसत. ओबेड पास्को हसत नसे. जहाजावर त्याने त्यांची शिडं शिवली होती. आता सरकारी बंगल्याच्या कनाती शिवत होता.

त्या हिवाळ्यात कनातीचा शेवटचा टाका रोज सकाळी उसवलेला दिसू लागला. मग निशाणाचा. मग साहेबांच्या गादीचा. बाकी शिवण शाबूत. दोऱ्याचं टोक तेवढं ओलं.

“म्हातारा झालास, पास्को.”

“झालो, कप्तानसाहेब. पण दोरा चाखून बघा, खारट लागतो. एवढा घाम मला तरुणपणीही आला नाही.”

गव्हर्नरांनी दोरा जिभेला लावला. दोघांनाही वेन आठवला.

डावखुरा, हसरा कप्तान वेन अठरा वर्षांपूर्वी भर समुद्रात तापाने गेला. गेला, असं त्याच्या हाताखालचे वेलबी म्हणाले. दर्यावर्दी माणसाचं प्रेत त्याच्याच झोपायच्या झोळीत शिवतात आणि शेवटचा टाका नाकातून घालतात. जिवंत असला तर रक्त येतं. मेलेल्याला येत नाही. पास्कोने सुई उचललीही होती.

“सभ्य माणसाच्या नाकात सुई? राहू दे,” वेलबी म्हणाले.

प्रेत समुद्रात सोडायला फळी कलली तेव्हा तोंडावरचं कापड किंचित आत ओढलं गेलं. पास्कोने पाहिलं. वेलबींनीही. संध्याकाळी जहाज वेलबींच्या हाती आलं. पुढे पदकं, किताब, हे बेट, सगळं त्यातूनच.

त्या टाक्याचा न वापरलेला मेणदोरा पास्कोने तंबाखूच्या डबीत जपून ठेवला होता.

“वारा होता ना रे तो?” गव्हर्नरांनी विचारलं.

“वारा कुठला, साहेब? तीन दिवस शिडं लोंबत होती.”

गव्हर्नर समुद्राकडच्या खिडकीशी गेले. “एक टाका, पास्को. केवढासा वेळ लागला असता! माझ्या वेळी विसरू नकोस.”

“नाही विसरणार. आणि ह्या खेपेला कुणाचा हुकूमही ऐकणार नाही.”

गुरुवारी जेवणानंतर गव्हर्नर खुर्चीतच गेले. डॉक्टरने नाकाशी आरसा धरला, मान हलवली. तोंडावर रुमाल टाकला. पास्को त्यांना त्यांच्या जहाजावरच्या झोळीत पायांकडून शिवत गळ्यापर्यंत आला, तेव्हा चिटणीस खाकरला.

“नाकात सुई? गव्हर्नरांच्या? शोभतं का हे?”

“मागे एकदा शोभलं नव्हतं. व्हा बाहेर!”

त्याने दार लावलं. डबी उघडली.

दोरा नव्हता.

त्याने रुमाल उचलला.

टाका घातलेला होता. जुना, काळपट दोरा, चिंब ओला. गाठ डाव्या हाताची.

मिशीवर रक्ताचा एक ताजा थेंब होता. पास्को बघत असतानाच तो ओघळला.