रिकाम्या रायफलीतलं काडतूस

लोर्ना रस्क दार न वाजवताच आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सोमवारी माझे बाबा न्यायाधीशापुढे सांगणार आहेत, की माझा भाऊ त्यांच्या चुकीने मेला. हे खोटं आहे. तुम्ही सिद्ध करा."

"आधी बस," आयडा मर्सर म्हणाली.

आयडाने उभी हयात शेरीफच्या कचेरीत घालवली होती. आता मोन्टानातल्या त्या चिमुकल्या गावात ती खासगी तपास करायची. गुडघा कामातून गेलेला, म्हणून गाडी वेंडेल चालवायचा. त्याने शाळेची बस चालवून निवृत्ती घेतली होती. माणूस सोन्यासारखा, पण त्याचा दिवा जरा उशिराच पेटायचा.

लोर्नाने सांगितलं ते गावाला ठाऊकच होतं. पंधरवड्यापूर्वी चौघे एल्क हरणांच्या शिकारीला डोंगरात गेले होते. तिचे वडील ऑर्व्हिल हौगेन, भाऊ आर्न, नवरा डेल आणि शेजारी गस. सकाळी डेल सासऱ्याची नवी रायफल पिकअपमध्ये ठेवायला निघाला. तिचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, आदल्या संध्याकाळीच काढलेलं होतं. तरी आत, नळीच्या मागच्या चेंबरमध्ये, एक काडतूस राहिलं होतं. हातमोज्याचं बोट चापात अडकलं आणि गोळी सुटली. आर्न समोरच उभा होता.

"बाबा म्हणतात, काडतूस मीच आत विसरलो. डेलला रिकामी म्हणून मीच सांगितलं."

"आणि डेल?"

"तो झोपतच नाही हो. नुसता आढ्याकडे बघत पडतो."

"लोर्ना, एकदा उकरायला घेतलं की काय वर येईल ते आपल्या हातात नसतं," आयडा म्हणाली.

"बाबांच्या हातून असं होणार नाही. माझ्या मुलींचा मामा गेला, आजोबा तरी घरात राहू देत. मला दुसरं काही नको."

दुसरं काही नको! हे शब्द तिला पुढे किती छळणार होते, ते तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

* * *

रायफल व्हर्नाच्या बंदुकांच्या दुकानातून घेतली होती. व्हर्नाने तसलीच दुसरी रायफल काउंटरवर ठेवली.

"ऑर्व्हिलला जुन्यासारखीच हवी होती. पोट बंद असलेली," ती म्हणाली. "तिच्यात मॅगझिन लाकडाच्या आतच असतं, खाली झाकणबिकण काही नाही. भरायचं वरून आणि रिकामी करायची ती बोल्टचा दांडा मागेपुढे ओढून. एकेक काडतूस बाहेर उडतं. चाळीस वर्षं वापरली त्याने ती. मी म्हटलं, खाली झाकण उघडणारी घे, काडतुसं ओंजळीत पडतील. तर जावईबापू म्हणाले, छे! सुटं मॅगझिनच घ्या, माझ्यासारखं. थंडीत बोटं वाकत नाहीत तुमची. एक कळ दाबली की डबा हातात."

"आणि काडतुसाचं माप?"

"तेही जावयाच्या रायफलीचंच. म्हणाला, काडतुसं दोघांत चालतील."

आयडाने डब्यात चार नकली काडतुसं भरली, डबा रायफलीत बसवला आणि बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला. "वेंडेल, ही रिकामी कर."

वेंडेलने ऐटीत कळ दाबली. डबा हातात आला. "झाली!"

आयडाने बोल्ट मागे ओढला. एक काडतूस टुणकन उडून त्याच्या पोटावर आदळलं.

"आत्ता तू कुणाला तरी मारलंस," ती म्हणाली.

वेंडेलचा चेहरा पडला. हातातला डबा निरखत तो पुटपुटला, "तरीच यात तीनच उरली होती."

व्हर्नाने उसासा टाकला. "सुट्या मॅगझिनची हीच खोड. डबा हातात आला की माणसाला वाटतं, सगळं बाहेर आलं. रायफल घेताना ऑर्व्हिल हेच बडबडत होता, आणि नेमका तोच फसला."

* * *

उपशेरीफ कोल्बीला या प्रकरणाचा कंटाळा आला होता.

"चूक म्हातारा कबूल करतोय. तू कशाला घुसतेस, आयडाबाई?"

"लगेच कबूल केली?"

"त्या दिवशी तोंडच उघडलं नाही. मुलाजवळ बसून होता. त्याच्या कोटाच्या खिशातलं मॅगझिन मीच काढून घेतलं, त्याला भानही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आपण होऊन आला. सगळं घडाघडा बोलला. सकाळी भरलेला डबा बसवला, बोल्ट ओढून एक काडतूस वर घेतलं, दिवसभर एकही गोळी झाडली नाही, संध्याकाळी डबा काढला आणि आतलं विसरलो."

"डबा तसाच आहे?"

कोल्बीने पिशवीतून काढून दाखवला. "चार काडतुसं. जशीच्या तशी."

आयडाने डबा बराच वेळ हातात धरून ठेवला. मग तो परत केला आणि बाहेर पडली. गाडीत वेंडेलने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. गसकडे घे."

* * *

गस कुंपणाची तार ओढत होता. आर्नचं नाव निघताच त्याने पक्कड खाली ठेवली.

"आदल्या संध्याकाळी परतल्यावर ऑर्व्हिलने रायफल रिकामी केली, तेव्हा तू कुठे होतास?"

"लाकडं फोडत होतो. तंबूत भरलेली रायफल न्यायची नाही, हा आमचा नियम. ऑर्व्हिल नेहमी पाइनच्या तोडलेल्या बुंध्यावर टोपी उलटी ठेवतो आणि काडतुसं तिच्यात पाडतो. मी दरवर्षी चिडवतो, कोंबडीने आज किती अंडी घातली रे?"

"यंदाही चिडवलंस?"

"चिडवलं की. तर म्हणाला, 'या नव्या कोंबडीने एकच घातलं.'" गस हसायला गेला, पण हसू ओठांवरच विरलं.

"आणि सकाळी?"

"रायफल उचलताना डेलने मोठ्याने विचारलं, 'ऑर्व्हिल, रिकामी आहे ना?' तंबूबाहेर मलाही ऐकू आलं. म्हातारा म्हणाला, 'रिकामी. घेऊन जा.'"

"डेल आणि आर्नचं कसं होतं?"

गसने पुन्हा पक्कड उचलली. "लोर्ना आणि आर्नच्या वाट्याची नदीकाठची जमीन विकायची डेलला घाई. शहरवाल्यांना तिथे सुट्टीची घरं हवीत. आर्न म्हणायचा, मी जिवंत असेपर्यंत नाही." आपण काय बोललो ते गसच्या लक्षात आलं, आणि तो तारेकडे वळला.

* * *

डेल तबेल्यात घोड्याचा खूर साफ करत होता. डोळे खोल गेलेले.

"त्या सकाळी आधी कोण उठलं?"

"मी. शेगडी मीच पेटवतो."

"रायफली कुठे होत्या?"

"शेगडीपाशी, मांडणीवर."

"ऑर्व्हिलचं मॅगझिन?"

"त्याच्या कोटात. कोट पांघरूनच झोपतो तो."

"तुझी रायफल तू कशी रिकामी करतोस?"

"डबा काढतो, मग बोल्ट ओढून आत बघतो. बघायलाच हवं."

"मग त्या दिवशी का नाही बघितलंस?"

डेलने मान वर केली. "म्हाताऱ्याने रिकामी म्हटलं. इथे त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, बाई."

* * *

शुक्रवारी दुपारी सगळे ऑर्व्हिलच्या स्वयंपाकघरात जमले. आयडाने कोल्बीलाही मॅगझिन घेऊन बोलावलं होतं. तो दारापाशी टेकून उभा होता. दारावरच्या खुंट्यांवर ती जुनी, बंद पोटाची रायफल होती. लोर्नाने कॉफी केली होती, पण कुणी घेतली नाही.

आयडाने मॅगझिन टेबलावर ठेवलं. "ऑर्व्हिल, यात किती मावतात?"

"चार," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही सकाळी चार भरलीत. एक वर घेतलंत. डब्यात किती राहिली?"

वेंडेलच्या तोंडून निघून गेलं, "तीन!" आणि मग त्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"एक काडतूस आत विसरलं असतं, तर खिशातल्या डब्यात तीन हवी होती. इथे चार आहेत. म्हणजे आतलं काडतूस बाहेर आलं आणि डब्यात परत गेलं. गसने किती अंडी म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, एकच. ते हेच. डबा काढलात, तरी हाताने बोल्ट ओढलाच. चाळीस वर्षं रायफल रिकामी करायची म्हणजे बोल्ट ओढायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ऑर्व्हिल. ही चूक दुसरा कुणीही करेल. तुम्ही करूच शकत नाही."

लोर्ना रडू लागली. "मी म्हटलं नव्हतं? बाबा, मी म्हटलं होतं ना?" तिने वडिलांचा हात धरला. म्हाताऱ्याने तो सोडवून घेतला.

"पुरे, आयडा," तो म्हणाला. "आता घरी जा."

"मग आर्नला लागलेली गोळी आली कुठून?" वेंडेलने विचारलं. हा प्रश्न त्याने विचारला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं.

"ते पाचवं काडतूस," आयडा म्हणाली. "सकाळी, सगळे झोपेत असताना, कुणीतरी बोल्ट उघडून ते हाताने आत ठेवलं. पण नुसतं भरून काय उपयोग? रायफल कोण उचलणार, नळी कुणाकडे वळणार, हे ठाऊक हवं. ते फक्त उचलणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो सगळ्यांत आधी उठला. त्याच्याकडे त्याच मापाची काडतुसं होती. एरवी बोल्ट ओढून बघणारा माणूस त्या दिवशी आत बघत नाही. उलट मोठ्याने विचारतो, रिकामी आहे ना? कारण गसला ते ऐकू जायला हवं."

लोर्नाचं रडणं थांबलं. तिने अजून नवऱ्याकडे बघितलं नव्हतं.

"डेल, तू सुट्या मॅगझिनचा माणूस. तुला वाटलं, म्हाताऱ्याला नवं मॅगझिन दिलंय, आता तो डबा काढून विसरला यावर सगळे विश्वास ठेवतील. आणि ठेवलाच. म्हाताऱ्याच्या खिशातल्या डब्यातली काडतुसं मात्र तुला मोजता आली नाहीत. तू दुकानात त्या मॅगझिनचा आग्रह धरलास, तेव्हाच हे मनात होतं का, मला माहीत नाही. तेवढं तूच सांगू शकतोस."

"तेव्हा नव्हतं," डेल म्हणाला.

हे शब्द बाहेर पडले आणि मग त्याला कळलं, आपण काय बोललो. लोर्ना त्याच्याकडे वळली. दहा वर्षांचा संसार तिने त्याच्या डोळ्यांत शोधला. तिला तिथे काहीच सापडलं नाही.

कोल्बी पुढे झाला. डेलने विरोध केला नाही. कोट घालायला लोर्ना मदत करील, असा सवयीने त्याने एक हात मागे धरला. ती हलली नाही. शेवटी कोल्बीनेच कोट त्याच्या खांद्यावर टाकला.

दार लागल्यावर लोर्ना वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"गोळीचा आवाज आला, तेव्हा माझा हात खिशातच होता. डबा भरलेला लागला. माझी चारही माझ्यापाशी, मग सुटलेलं त्याचंच."

"मग खोटं का बोललात? त्याच्यासाठी?"

"त्याचं मढं नेलं मसणात! तुझ्यासाठी, पोरी! त्या दिवशी दोघी पोरी त्याच्या गळ्यात पडून रडत होत्या. म्हटलं, एक गेला तो परत येत नाही. मी पिकलं पान. तुरुंगात गेलो काय, मेलो काय. तुझं घर तर उभं राहील." त्याने आयडाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच तिला सोसवलं नाही. मग तो लोर्नाला म्हणाला, "तुला म्हटलं होतं, या बाईकडे जाऊ नको."

"मीच गेले," लोर्ना म्हणाली. "मीच नेलं हे सगळं तिच्याकडे."

आयडाला म्हणायचं होतं, की खुन्याच्या कुशीत झोपणं हे घर नव्हे. पण ते शब्द खरे असले, तरी त्या स्वयंपाकघरात त्यांचा कुणाला उपयोग नव्हता. ती काठी टेकत उठली.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर करकर ब्रेक लागले. आवाज वेंडेलने आधी ओळखला. शाळेची बस होती. दोन मुलींच्या धावत येण्याचा आवाज फाटकापर्यंत आला, आणि धाकटी ओरडून विचारू लागली, "बाबाला कोल्बीकाकांच्या गाडीत का बसवलंय?"

लोर्ना टेबलाची कड धरून बसूनच राहिली. मग ऑर्व्हिलने खुंटीवरची टोपी काढली, सवयीने आत बोटं फिरवून ती रिकामी असल्याची खात्री केली, आणि नातींना काय सांगायचं ते न ठरवताच दार उघडून बाहेर गेला.