दुखवट्यातली नानखटाई

हरभऱ्याची सोंगणी चालू असताना जानरावाला फोन आला. त्याची बायको कस्तुराबाई लेकीला भेटायला किन्हीराजाला गेली होती. फोनवर लेक, मंजुषा, रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "बाबा, आई उठून नाई राह्यली." जानरावाने विळा शेताच्या धुऱ्यावर ठेवला आणि चालू लागला. तो विळा पुढे कोणी घरी आणला, हे त्याला आजही आठवत नाही.

मग दिवाळी आली. शिरपुरात रीत अशी, की ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारचे आणून देतात. शेजारच्या रुपाबाईने शेव-चिवडा आणून दिला. जानरावाने डबा उघडलासुद्धा नाही.

पण मंजुषा माहेरी आली. सातवा महिना लागला होता आणि पोटात काही ठरत नव्हतं. भाकर उलटायची, वरण उलटायचं. गाल पार बसले होते.

"काय खाशीन मंजू? सांग तं खरं."

"आईची नानखटाई."

कस्तुराबाईला भाजायचा नाद लहानपणापासूनचा. जऊळक्याला तिच्या माहेरच्या घरामागेच बेकरीची भट्टी होती. शाळा सुटली की ती तिथेच. मातीच्या टिकल्या थापून भट्टीच्या तोंडाशी ठेवायची आणि त्या लाल होईपर्यंत जेवायला उठायची नाही. लग्नात साड्यांखाली पत्र्याचा ट्रे घेऊन आली, तेव्हा जानरावाची आई म्हणाली होती, "सून आनली का हलवाई?"

दर दिवाळीला कस्तुराबाई घरी पीठ मळून, ट्रेवर मांडून, मदनसिंगच्या भट्टीवर भाजायला न्यायची. तिथे गावभरचे ट्रे येतात. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घर कच्च्या पिठावर आपली खूण करतं. कोणी लवंग टोचतं, कोणी चारोळी लावतं. ज्याची खूण, त्याचा माल. भाजून झालं की तो घेऊन जातो. कस्तुराबाई अंगठा दाबायची. कडबा कापताना तिच्या अंगठ्याची एक बाजू गेली होती, म्हणून ठसा अर्धाच उमटायचा.

जानराव मैदा मळताना रुपाबाईने कुडावरून पाहिलं.

"काहून हो भाऊ, दुखवट्याच्या घरात गोडधोड?"

"कढई कुठी चढवली? भट्टीतून भाजून आनतो."

"वकीलच झाले तुमी! गेलेल्या मानसाले समजते का तुमचा कायदा?"

त्याने मुद्दाम वेगळी खूण केली. प्रत्येक गोळ्यावर वेलचीचा दाणा ठेवला आणि ट्रे भट्टीवर दिला.

घ्यायला गेला तेव्हा मदनसिंगने विचारायच्या आधीच ट्रे पुढे सरकवला. "घ्या जानरावभाऊ. वहिनीची खूण लांबूनच वळखू येते."

प्रत्येक नानखटाईवर अर्धा ठसा होता. वेलचीचा दाणा त्याच्या तळाशी चेपून बसला होता.

"हे कोनं दाबलं?"

"तुमीच दाबून आनलं असंन. मी कायले हात लावू लोकाईच्या मालाले?"

जानरावाने आपला अंगठा एका ठशात ठेवून पाहिला. मावला नाही.

मंजुषाने एक खाल्ली. ती ठरली. मग दुसरी मागितली. संध्याकाळी अर्धी भाकर खाल्ली आणि कित्येक दिवसांनी हसली. जानराव ठशाबद्दल काही बोलला नाही. तिने खाल्लं, एवढं त्याला पुरे होतं.

डबा संपत आला तसा तो दुसऱ्या खेपेचा मैदा चाळायला बसला. आत रुपाबाई मंजुषाच्या अंगाला तेल लावत होती. ती मधेच बाहेर आली.

"भाऊ, पोरीच्या पोटावर खळी पडली. चोळली तरी भरून नाई येत."

"कशी खळी?"

वाकून रुपाबाईने परातीतल्या मैद्यात अंगठा दाबला. मग बोटाने त्याची एक बाजू सारखी करून टाकली.

"अशी," ती म्हणाली.

वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ चांगलं आहे, ठोके चांगले आहेत, म्हणाल्या. खळी त्यांना दिसली नाही.

जानरावाने नानखटाई बंद केली. मंजुषाला त्या दिवशी पाणीही पचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला बाजेवरून उठता येईना. शेवटी त्याने डब्यातली उरलेली एक दिली. ती ठरली.

रुपाबाईने पुन्हा पाहिलं. खळी आणखी खोल गेली होती.

दुपारी मंजुषाला जरा तरतरी आली. "बाबा, डोळा लागला तं आई दिसली. भट्टीसमोर बसून होती."

"काही बोलली?"

"म्या म्हटलं, चाल न घरी, कायले बसली? तं म्हने, भाजून होऊ दे. घेऊनच जातो."

जानराव उठून ओसरीवर आला.

डबा रिकामा झाला आहे. परातीत मैदा आहे.

"बाबा," मंजुषा आतून विचारते, "झालं का हो?"

तूप पातळ करून ठेवलं आहे. ते मैद्यात ओतायचं राहिलं आहे.